उसनी किळस

वसाहत क्रमांक सातच्या फाटकातून त्या दिवशी पहिल्यांदा विद्यापीठाची बस आत येणार होती. एरवी पठारावरची वाहनं फाटकाशीच थांबत, माणसं उतरवत आणि काचा वर करून निघून जात. म्हणून वसाहतीतल्या बायांनी सकाळीच रस्ता झाडून घेतला होता, आणि रतन तांडेल उन्हं वर यायच्या आत तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली होती. तिची सातेरी येणार होती. दहा महिन्यांनी. डॉक्टरीचं शिक्षण डोक्यात घेऊन.

समुद्र चढला त्याला शंभर वर्षं होऊन गेली होती. किनाऱ्यावरची गावं एकामागून एक पाण्याखाली गेली. तिथली माणसं सरकारनं घाट चढवून वर आणली आणि धरणांच्या काठांवर वसवली. येताना ती आपली बोली घेऊन आली, मासे सुकवायचं कसब घेऊन आली, आणि बुडालेल्या गावांची, देवळांची नावं घेऊन आली. ती नावं आता मुलींना ठेवत. सुरुवातीला पठारावरच्या लोकांनी त्यांना भाकरी दिली, अंथरुणं दिली. मग एक पिढी गेली, आणि दिलेलं बोलून दाखवणं सुरू झालं. दुसरी पिढी मोठी झाली तोवर किनारी लोकांचं रक्तच निराळं असतं असं चांगली शिकलेली माणसंही म्हणू लागली. सरकारी अर्जावर ‘वंश’ नावाचा रकाना आला : पठारी किंवा किनारी. जुन्या जाती पुसट झाल्या म्हणून सभांमध्ये टाळ्या पडत होत्या. ही नवी रेघ कुणी ओढली, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. रस्त्यात किनारी माणसाला ‘खारट’ म्हणत. खारटांच्या अंगाला वास येतो, हे पठारावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

विद्यापीठाची दारं किनारी मुलांना बंद होती असं नाही. राखीव जागा होत्या, वसतिगृह होतं. पण शंभर मुलं गेली तर पदवी घेऊन अकरा परत येत. बाकीची अधेमधे गळत. कुणाला प्रयोगशाळेत जोडीदार मिळत नसे, कुणी जेवणघरात कायम एकटं बसून बसून एक दिवस बिछाना गुंडाळून घरी येई. दोघीजणी तर घरीही आल्या नाहीत. त्यांना आणायला आईबापांना जावं लागलं.

मग आयोग नेमला गेला आणि त्याचं अध्यक्षपद सबनीस डॉक्टरांकडे आलं. भालचंद्र सबनीस पठारावरचे नामांकित वैद्य. थकेपर्यंत चाळीस वर्षं दर बुधवारी आणि शनिवारी ते वसाहतीत येऊन फुकट दवाखाना चालवत. बाळंतपणं करत, गळवं कापत, आणि दुपारी ज्या घरात असतील तिथं पाटावर बसून जेवत. सातेरीला जगात आणलं ते त्यांच्याच हातांनी. वसाहतीत त्यांना देवमाणूस म्हणत. आयोगाच्या अहवालात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : शिकायला जी वर्षं लागतात ती ज्या वर्गात काढायची, तो वर्गच या मुलांना जगू देत नाही. मग ती वर्षंच वगळता आली तर?

ती वगळण्याची विद्या त्याच विद्यापीठात तयार झाली होती. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. केतकी वाळिंबे यांनी तिला ‘ज्ञानरोपण’ असं नाव दिलं होतं. माणूस काही शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशींमधले काही धागे घट्ट होतात, काही सैल पडतात. निष्णात वैद्याच्या डोक्यात अशा घट्ट-सैल धाग्यांची एक प्रचंड जाळी असते. वाळिंबेबाईंच्या यंत्रानं त्या जाळीचा नकाशा काढायचा, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मेंदूत, जिथं धागे अजून कोवळे असतात, तिथं औषधांच्या आणि चुंबकाच्या साहाय्यानं तसाच नकाशा हळूहळू वाढवायचा. दात्याच्या आठवणी त्यातून येत नसत. येत असे ती जाण. नाडी हातात घेतल्यावर काय समजावं, कुठली सूज साधी आणि कुठली वाईट, ही जाण. सहा महिन्यांत पंधरा वर्षांचं शिक्षण. सबनीसांनी आपलाच मेंदू पहिला पुढे केला. तीनशे बारा किनारी मुलांमध्ये त्यांचं वैद्यक रोपलं गेलं, आणि पहिल्या परीक्षेत त्यांतली दोनशे चौऱ्याण्णव मुलं पठारी मुलांना मागं टाकून पास झाली.

सातेरी त्यांत दुसरी आली होती.

बस थांबली. नऊ मुलं उतरली. सातेरी सर्वांत शेवटी उतरली, पांढऱ्या कुडत्यात, थोडी वाळलेली.

“इलंस गो बाये!” म्हणत रतननं तिला पोटाशी धरलं.

लेकीचं अंग लाकडासारखं ताठ झालं. रतनला ते कळलं, पण एवढ्या लोकांसमोर लाजली असेल असं तिला वाटलं. पुढच्या क्षणी सातेरीनं तिला बाजूला सारलं, बसच्या मागं धावत गेली आणि भडभडून ओकली.

“वाटेची वळणं लागली,” ती तोंड पुसत म्हणाली. “आई, तू कशी आहेस?”

अशी पुस्तकी भाषा ती पूर्वी फक्त शाळेतल्या बाईंशी बोलत असे.

घरी रतननं सुक्या सुंगटांचं तिखलं, म्हणजे कोलंबीचं झणझणीत कालवण, केलं होतं. वसतिगृहातून आलेल्या प्रत्येक फोनवर पोरीनं त्याची आठवण काढली होती. सातेरीनं एक घास घेतला, तो तोंडात तसाच धरून ठेवला आणि मोरीकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली ती दाराबाहेर, पाठ करून. रतन जवळ आली की ती काहीतरी निमित्त काढून उठायची. दुपारी रतन पाण्याची कळशी घेऊन नळावर गेली तर तिथं सातेरी आपलीच मनगटं हुंगत होती आणि साबणानं घासत होती. कातडी लाल झाली होती.

“काय झाला गो? माका सांग.”

“काही नाही. अभ्यासाचा ताण आहे.” आणि मग, एकदम लहान होऊन, “आई, तू माझ्या इतक्या जवळ उभी राहू नको ना.”

पंधरा दिवसांच्या सुट्टीतून सातेरी तिसऱ्या दिवशी परत गेली.

रतननं मासे सुकवणं सोडलं. नवरा धरणाच्या बोगद्यात दगावला तेव्हापासून दहा वर्षं तोच तिचा धंदा होता. तिनं चटया जाळल्या, घर सारवलं, शिकेकाईनं न्हाली, लिंबाच्या सालींनी हात घासले आणि शिवणयंत्रावर बसली. फोनवर लेकीला सांगितलं, “आता घरात माशाचा काटासुद्धा नाय हां.” सातेरी रडली, आणि दिवाळीलाही आली नाही.

जानेवारीत विद्यापीठाकडून पालकांना एक छापील कागद आला. ‘रोपणानंतर आपल्या पाल्यात काही बदल जाणवला का?’ खाली चौकटी होत्या : झोप, भूक, डोकेदुखी, अन्य. रतननं ‘अन्य’वर खूण केली, आणि ते ‘अन्य’ काय हे लिहिता येईना म्हणून कागद घेऊन स्वतःच विद्यापीठात गेली.

डॉ. वाळिंबे पन्नाशीची, बारीक चणीची बाई होती. तिनं रतनला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

“मॅडम, माझ्या अंगाला वास येतो का?” रतननं विचारलं. “खरं सांगा. मी सगळं सोडलं. तरी येतो का?”

वाळिंबेबाईंनी कपाटातून हवा तपासायचं एक यंत्र काढलं आणि रतनच्या हाताजवळ धरलं. मग स्वतःच्या हाताजवळ. आकडे दाखवले. “तुमच्या हाताला साबणाचा वास आहे. माझ्या हाताला कॉफीचा. बाकी काही नाही, रतनबाई.”

“मग?”

“तुमच्या वसाहतीतली नऊ मुलं. दिवाळीला किती आली?”

रतननं मनाशी मोजलं. “एकही नाही.”

“तीनशे बारांपैकी सतरा मुलं घरी गेली. आम्हांला वाटलं, अभ्यासू आहेत.” त्यांनी टेबलावरची यादी पुढं ओढली. “मला सातेरीला एकदा तपासू द्या. तुम्ही इथंच थांबा.”

तपासणीच्या खोलीला काच होती. सातेरी यंत्रात झोपली होती, तिचे फक्त पाय दिसत होते. तिला एकेक चेहरा दाखवला जात होता आणि पडद्यावर तिच्या मेंदूचं चित्र उमटत होतं. पठारी माणसाचा चेहरा आला. चित्र शांत राहिलं. अनोळखी किनारी बाईचा चेहरा आला, आणि कानाच्या आतल्या बाजूला एक ठिपका पेटला. किनारी म्हातारा आला, ठिपका मोठा झाला. मग वाळिंबेबाईंनी रतनचा फोटो लावला.

अख्खा कोपरा लखलखून उठला.

रतनच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं. “बघा! मला बघितल्यावर कसं उजळलं. माया असते हो, मॅडम. पोरगी बोलत नाही एवढंच.”

वाळिंबेबाईंनी पडदा बंद केला, रतनला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. मग सांगितलं.

“मेंदूच्या घडीत लपलेला एक भाग आहे. आम्ही त्याला द्वीपखंड म्हणतो. कुजलेलं काही तोंडात आलं तर तो पेटतो आणि आपण थुंकतो. जीव वाचावा म्हणून निसर्गानं दिलेली सोय आहे ती. त्याचं काम किळस.”

रतननं हात सोडवून घेतला नाही.

“वास तुमच्या अंगाला नाहीच. तो तिच्या डोक्यात आहे. तुमचा चेहरा दिसला की येतो. आरशात स्वतःचा दिसला तरी येत असणार.”

“पण तिच्या डोक्यात हे घातलं कुणी? ती जाताना माझ्या कुशीत झोपून गेली होती.”

“मी घातलं,” वाळिंबेबाई म्हणाल्या. “मला माहीत नव्हतं. मी समजत होते की ज्ञान वेगळं काढता येतं, तांदळातून खडे काढावेत तसं. पण माणूस कोरड्या डोक्यानं काहीच शिकत नाही. शिकताना जे वाटतं ते त्या शिकण्याला गाठ मारून बसतं. सबनीस सर जे वैद्यक शिकले ते तुमच्या वसाहतीत, तुमच्या लोकांच्या तापावर आणि जखमांवर. ती गाठ सोडवायची तर वैद्यकच सुटून येईल.”

“म्हणजे डॉक्टरांना...” रतन उठून उभी राहिली.

सबनीसांच्या घरी ती त्याच आठवड्यात गेली. त्र्याऐंशी वर्षांचे डॉक्टर ओसरीवर ऊन खात बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा खुलला. शेजारची खुर्ची त्यांनी स्वतःच्या हातानं पुढं ओढली.

“रतन! ये ये. आपली सातेरी दुसरी आली, ऐकलं का? माझा नंबर कधी पाचाच्या आत आला नव्हता.”

“डॉक्टर,” रतन उभीच राहिली, “तुम्हाला आमची किळस येते?”

अंगणात कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

“कुणी सांगितलं?”

“मशीननं. सातेरीच्या डोक्यात सापडली. तिची नाही म्हणतात. तुमची आहे.”

रतनला वाटलं, ते आता नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हणावं असं तिला फार वाटत होतं.

“पहिल्या दिवशी आली,” ते म्हणाले. “सव्वीस वर्षांचा होतो मी. आमच्या घरी किनारी बाई भांडी घासायला यायची तर आजी तिच्यामागून गोमूत्र शिंपडायची. ते बघत वाढलो. पुढे वाचलं, समजलं, लाज वाटली. म्हटलं, यावर औषध एकच. जायचं, बसायचं, जेवायचं, म्हणजे सवयीनं जाईल.”

“मग गेली?”

“नाही गेली, रतन.”

“चाळीस वर्षांत?”

“हातांना शिकवलं. चेहऱ्याला शिकवलं. रोग्यावर वाकण्याआधी श्वास भरून घ्यायचा आणि मग वाकायचं. तुम्हांला कधी कळू दिलं नाही. पुढंपुढं वाटायला लागलं, मलाही कळत नाही, म्हणजे गेली.”

“आमच्याकडे जेवायचात तेव्हा?”

“तेव्हासुद्धा.”

“सातेरी झाली, तिला तुम्ही हातात घेतलंत, तेव्हापण?”

त्यांनी मान डोलावली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. रतनला रागवायचं होतं. येताना रस्ताभर ती शिव्या जुळवत आली होती. पण समोरच्या माणसानं तिच्या लोकांची चाळीस वर्षं गळवं धुतली होती, आणि प्रत्येक वेळी किळस दाबून धुतली होती.

“डॉक्टर, तुम्ही ती गिळलीत,” ती शेवटी म्हणाली. “रोज गिळलीत. मग पोरीला नुसती किळस दिलीत आणि ती गिळायची ताकद स्वतःजवळ ठेवलीत होय?”

“मी विचारलं होतं केतकीला, माझ्यातलं काय काय जाणार म्हणून. ती म्हणाली, फक्त ज्ञान. माणसानं स्वतःशी केलेली झुंज ज्ञानात मोडत नाही. तो स्वभाव. तो रोपता येत नाही.”

ते उठायला गेले, बहुधा तिच्या पाया पडायला. रतननं त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. वसाहतीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला बसवलं असतं तसंच. परतीच्या वाटेवर तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती : आपल्या घरात पाटावर बसलेले डॉक्टर, तिसऱ्यांदा भात मागणारे.

फेब्रुवारीत वाळिंबेबाईंनी मायलेकींना एकत्र बोलावलं. विद्यापीठाच्या बागेत दोन बाक होते, मधे दहा-बारा पावलांचं अंतर. रतन आपणहून लांबच्या बाकावर जाऊन बसली. सातेरीनं मान वर केली नाही.

“रोपण काढता येतं,” वाळिंबेबाई म्हणाल्या. “वाढवलेले धागे उलट्या क्रमानं सैल करायचे. वैद्यक जाईल. किळसही जाईल.”

“मगे काढा,” रतन म्हणाली. भाषा बदलायचं तिला सुचलंच नाही. “आजच काढा. डाक्टर नको माका, माझा चेडू होया.”

“थांबा. पुढचं ऐका.” त्या दोन्ही बाकांच्या मधे उभ्या होत्या. एवढं स्पष्ट बोलायची सवय असलेली बाई आज शब्द शोधत होती. “आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नसतो. आपण एखादी आठवण काढतो तेव्हा ती मेंदूत सैल होते, आणि परत ठेवताना नव्यानं विणली जाते. त्या घडीला मनात जे असेल त्याच्यासकट. गेलं वर्षभर सातेरीनं ज्या ज्या आठवणी काढल्या, त्या रोपलेल्या धाग्यांत विणल्या गेल्या आहेत. ज्या काढल्याच नाहीत, त्या शाबूत आहेत. शाळेतले पाढे असतील, शेजारपाजारची माणसं असतील. पण जे तिनं रोज आठवलं, ते रोपणाबरोबर उपटलं जाईल.”

“रोज काय आठवायचंस गो?” रतननं विचारलं.

सातेरीनं पहिल्यांदा आईकडे पाहिलं. पाहिलं आणि तिचा हात आपोआप नाकाशी गेला. रतनला ते तेवढ्या लांबूनही दिसलं. तरी पोरीनं नजर काढली नाही.

“तुझी आठवण काढायचे,” ती म्हणाली. “दुसरं काय होतं माझ्याकडे तिथं? उठल्यावर तुझी, झोपताना तुझी. आणि प्रत्येक वेळी मळमळायचं. म्हणून मी अजून जोरानं आठवायचे. वाटायचं, नीट आठवलं की जाईल.”

सबनीस डॉक्टरांनी चाळीस वर्षं जे केलं होतं, तेच पोरीनं वर्षभर आठवणींशी केलं होतं. आणि जितकं केलं तितकी ती गाठ पक्की बसली होती.

रतननं पदर तोंडाशी नेला, मग तो दिसेल म्हणून खाली घेतला. “सातेरी, तू माका इसर,” ती म्हणाली. “मी आसंय मां? मी येतंय, नव्यान वळख करून देतंय. म्हणतंय, मी रतन, तुझी आवस. तू परत माझ्याकडे जेवशील.”

“नको.”

“किळस घेऊन जगूचा काय गो जन्मभर?”

सातेरी उठली. दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबली. आणि इतक्या महिन्यांनी ती आपल्या बोलीत बोलली, अडखळत, परकी भाषा बोलावी तशी. “तुका इसरण्यापरास ह्या बरा. किळस येता तेव्हा निदान तू तरी आसतंस.”

वाळिंबेबाई तोंड फिरवून उभ्या होत्या. मायलेकी आपापल्या बाकावर परत बसल्या. विद्यापीठाची घंटा होईपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या, आणि त्या सगळ्या वेळात त्यांनी एकमेकींकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं नाही तर सातेरीला जरा बरं वाटत होतं.

वाळिंबेबाईंनी आपला अहवाल सरकारला दिला. तीन महिन्यांनी उत्तर आलं. योजनेच्या नियमांत ‘इजा’ या शब्दाची व्याख्या होती : शरीराला, बुद्धीला किंवा परीक्षेतल्या गुणांना पोचलेली हानी. कौटुंबिक जिव्हाळा त्या व्याख्येत बसत नव्हता. शिवाय रोपण झालेल्या मुलांच्या हातून रोग्यांची काही आबाळ झाल्याची एकही तक्रार नव्हती. आणि ते खरंच होतं. वाळिंबेबाईंनी राजीनामा दिला. योजना चालू राहिली. सबनीस डॉक्टर त्याच पावसाळ्यात वारले. वसाहतीत तीन दिवस सुतक पाळलं गेलं, आणि रतननं त्यांच्या तोंडून जे ऐकलं होतं ते कुणाला सांगितलं नाही.

रुग्णालयातली उमेदवारी संपवून चार वर्षांनी सातेरी डॉक्टर होऊन वसाहतीच्या दवाखान्यात आली. चांगल्या हाताची डॉक्टर, लोक म्हणत, अगदी सबनीसांसारखी. म्हाताऱ्यांशी हसून बोलायची, पोरांच्या जखमा स्वतः धुवायची. कुणाच्या लक्षात येत नसे, पण रतन दवाखान्यासमोरच्या पारावर बसून बघायची. रोग्यावर वाकण्याआधी पोरगी एक श्वास भरून घ्यायची. मग वाकायची. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचं तिनं शोधून काढलं होतं.

राहायला ती पठारावर होती. सणाला रतनकडे यायची, दारात उभी राहायची, डबा ठेवून जायची. कधी कधी पाटावर बसून जेवायचीही. चार घास जेवायची आणि पाचवा मागून घ्यायची, आणि तो पाचवा घास बघताना रतनला हुंदका आवरत नसे.

मग एके दिवशी विद्यापीठानं जाहीर केलं की पुढच्या तुकडीसाठी ज्ञानदाता पठारी नसेल. किनारी मुलांना आता किनारी माणसाचंच ज्ञान मिळेल, आपल्यातल्याच एकीचं. डॉ. सातेरी तांडेल. फाटकावर कमान लागली. वाळिंबेबाईंनी गावाहून रतनला फोन केला. “ते काय करतायत त्यांना कळत नाहीये,” त्या म्हणाल्या. “सबनीसांच्या डोक्यातली किळस परक्यांबद्दल होती. सातेरीकडे येऊन ती स्वतःच्या माणसांबद्दल झाली, स्वतःच्या अंगाबद्दल झाली. आता मुलांना जी मिळेल ती परकी म्हणून ओळखूसुद्धा येणार नाही. त्यांना वाटेल, आपण जन्मतःच असे आहोत.”

“सातेरीला सांगितलंत?”

“सांगितलं. ती म्हणाली, वसाहतींत दवाखाने नऊ आहेत आणि परत आलेले डॉक्टर चारच. ताप कुणासाठी थांबत नाही.”

त्याच संध्याकाळी शेजारची केसर अर्ज घेऊन रतनकडे आली. तिची निवती सतरा वर्षांची झाली होती, पहिल्या यादीत नाव होतं. अर्जावर शेजारणीची साक्ष लागत होती. केसरचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

“सातेरीचा ग्यान माझ्या निवतीक, रतन! म्हणजे घरातल्या घरातच झाला.”

रतननं तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. पडद्यावरचा तो लखलखाट, बागेतले बाक, पाचवा घास. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. केसर ऐकत राहिली, अर्जाचा कोपरा दुमडत, उलगडत. बाहेर धरणाच्या काठी चटयांवरचे मासे उचलण्याची गडबड चालू होती.

“निवती माका वळाखतली मां?” केसरनं शेवटी विचारलं.

“वळाखतली.”

“डाक्टर होतली?”

“होतली.”

“मगे झाला.” केसरनं अर्ज सरळ केला. “माझी किळस येईना का. माझ्या चेडवान जन्मभर सुंगटाच सुकवूची काय? तुझा झाला मां डाक्टर?”

रतननं पेन घेतलं आणि सही केली.

तेवढ्यात निवती धरणाच्या काठावरून धावत आली, कोपरापर्यंत ओली, हातापायांना माशांची खवलं चिकटलेली. बातमी तिला वाटेतच कळली होती. तिनं मागून येऊन आईच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं.

“सोड गो, भिजयलंस माका!” केसर हसत तिचे हात सोडवू लागली.

“असांदे गो केसर,” रतन म्हणाली. “धरून ऱ्हवांदे तिका.”